जीभ पाहता, मग दात का नाही?

गरोदर बाईच्या तपासणीत एक क्षण हमखास येतो. वजन झालं, रक्तदाब झाला, पोटाचा घेर मोजून झाला की डॉक्टर किंवा सिस्टर म्हणतात, ‘जीभ दाखवा.’ बाई तोंड उघडते. अंगात रक्त किती आहे याचा अंदाज जिभेच्या फिकेपणावरून घेतला जातो. दोन-तीन सेकंदांचं काम. पण त्या दोन-तीन सेकंदांत जिभेच्या दोन्ही बाजूंना खालच्या दातांची सगळी रांग उघडी पडलेली असते. काळी पडलेली दाढ, फुगून लालभडक झालेली हिरडी, मशेरीचा थर, सगळं डोळ्यांसमोर असतं. ते पाहिलं जात नाही, पाहिलं तरी केसपेपरवर चढत नाही. बाईने स्वतःहून ‘दाढ ठणकते’ म्हटलंच, तर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘आत्ता काही करता येणार नाही, बाळंतपणानंतर बघू.’ घरी सासूबाई हेच सांगतात, माहेरी आई हेच सांगते, मेडिकलवाला हेच सांगतो, आणि दातांचे कितीतरी डॉक्टरही हेच सांगतात. इतक्या जणांचं एकमत झालं की माणूस ते तपासायचं सोडून देतो. मला ते तपासायचं आहे, कारण ते चुकीचं आहे आणि त्याचा भुर्दंड आई आणि मूल दोघांनाही पडतो.

या मतामागची मांडणी अशी असते. गरोदरपणात दात बिघडायचेच, कारण बाळ आईच्या हाडांतलं आणि दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं. त्याला इलाज नाही. दाताला हात लावायचा म्हणजे भूल, एक्स-रे, गोळ्या. त्यातलं काहीही बाळाला बाधू शकतं. बाळाच्या दातांचा विचार तर फारच पुढचा, आणि दुधाचे दात तसेही पडणारच. बाईच्या मागे आधीच सोनोग्राफी, लोहाच्या गोळ्या, इंजेक्शनं यांची धावपळ असते. त्यात दातांच्या सल्ल्याची भर कशाला? आणि नवऱ्याला त्यासाठी बोलवायचं म्हणजे तर कमालच झाली. या सगळ्यांच्या तळाशी एकच समजूत आहे, की थांबण्यात कसलाही धोका नाही. थांबणं म्हणजेच काळजी घेणं.

पहिल्यांदा कॅल्शियमचं बघू. पोटातल्या बाळाला नऊ महिन्यांत साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. ते आईच्या आहारातून येतं. गरोदरपणात आतडं अन्नातलं कॅल्शियम नेहमीपेक्षा कितीतरी जास्त शोषून घेऊ लागतं, आणि कमी पडलंच तर शरीर हाडांतल्या साठ्याला हात घालतं. दाताच्या वरच्या कडक कवचात मात्र रक्तवाहिनीच नसते. तिथलं कॅल्शियम परत रक्तात यायला वाटच नाही. मग दात बिघडतात कशाने? सकाळी उलट्या होतात आणि प्रत्येक उलटीबरोबर पोटातलं आम्ल दातांवर येतं. घास-घास करून दिवसभर काही ना काही खाल्लं जातं. ब्रश तोंडात घातला की उमासा येतो म्हणून दात घासणं उरकलं जातं. शरीरातल्या संप्रेरकांमुळे हिरड्या थोड्याशा किटणानेही सुजतात आणि रक्त येऊ लागतं. ही सूज दुसऱ्या महिन्यापासून चढते आणि आठव्या महिन्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असते, हे लो आणि सिलनेस या दंतवैद्यक संशोधकांनी १९६३ सालीच मांडलं होतं. यातल्या एकेका कारणावर सांगण्यासारखा उपाय आहे. उलटी झाली की लगेच ब्रश करू नये, कारण आम्लाने मऊ झालेलं कवच घासलं जातं. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरावी आणि अर्ध्या-पाऊण तासाने दात घासावेत. ब्रशचं डोकं लहान घ्यावं. रक्त येतं म्हणून हिरडीला घाबरून घासणं सोडू नये, उलट ते जास्त निगुतीने करावं. हे सांगायला किती वेळ लागतो? ‘दात जायचेच’ म्हणून हात वर करणाऱ्यांमुळे हे तिच्या कानावरच पडत नाही, आणि मग दात खरोखरच जातो. त्या गेलेल्या दाताचा दाखला देऊन पुढच्या सुनेला तेच सांगितलं जातं.

आता उपचारांच्या भीतीकडे येतो, कारण सगळ्या टाळाटाळीचं मूळ तिथे आहे. २००६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या चार केंद्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हिरड्यांचा आजार असलेल्या ८२३ गरोदर स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाच्या हिरड्यांची खोलवर सफाई २१व्या आठवड्याच्या आत केली, दुसऱ्या गटाची बाळंतपणानंतर. हिरड्यांच्या आजाराने बाळ दिवस भरण्याआधी जन्मतं, अशी त्या काळी शंका होती, आणि सफाईने ते टळेल अशी आशा होती. ती आशा फोल ठरली. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचं प्रमाण एका गटात १२.० टक्के आणि दुसऱ्यात १२.८ टक्के निघालं, म्हणजे फरक नाही. दातांच्या बाजूने बोलणारे काही उत्साही लोक अजूनही बायकांना ‘दात साफ केले नाहीत तर बाळ लवकर जन्मेल’ अशी भीती घालतात; त्यांनी ती घालू नये. भीती दाखवून दिलेला सल्ला पहिल्याच उलट्या अनुभवाला कोसळतो. पण याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहा. चारशेहून अधिक गरोदर स्त्रिया, वारंवार दातांच्या खुर्चीवर बसल्या, भूल घेतली, हिरड्यांखाली अवजारं गेली, आणि त्यांच्या बाळांना त्याचा त्रास झाला नाही. हिरड्या मात्र सुधारल्या. याच अभ्यासातल्या ज्या स्त्रियांना दात काढणं, सिमेंट भरणं असे तातडीचे उपचार लागले, त्यांची वेगळी पाहणी २००८ साली छापून आली, तीही हेच सांगते. इस्राएलमध्ये २०१५ साली दातांसाठी भूल घेतलेल्या २१० गरोदरपणांची तुलना भूल न घेतलेल्या ७९४ गरोदरपणांशी केली गेली. बाळांमधल्या जन्मजात व्यंगांच्या प्रमाणात दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. बाळंतपणात टाके घालताना जी भूल देतात तीच, लिग्नोकेन, दाढेजवळ दिली जाते. टाक्यांच्या वेळी ती कोणाला खटकत नाही. दाताच्या एका छोट्या एक्स-रेतून मिळणारा किरणोत्सर्ग माती-हवेतून आपल्या सगळ्यांना दिवसभरात मिळतो तेवढाच असतो. त्याचा झोत जबड्यावर असतो, पोटावर शिशाचं आवरण असतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली लेखी सांगितलं आहे, की एक्स-रे, भूल, दात काढणं, रूट कॅनल, सिमेंट भरणं हे गरोदरपणात केव्हाही करता येतं आणि गरज असताना ते लांबवू नये. सोयीचा काळ चौथ्या ते सहाव्या महिन्याचा. शेवटच्या महिन्यांत उताणं झोपवून ठेवू नये, उजव्या कुशीखाली उशी देऊन थोडं डावीकडे कलतं बसवावं. दातांचा साधा दवाखानाही एवढं सांभाळू शकतो.

तरीही दातांचे डॉक्टर कचरतात, आणि ते का कचरतात हे मला समजतं. कळून आलेल्या दर शंभर गरोदरपणांपैकी दहा-पंधरा आपोआप पडतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि बहुधा गर्भातल्याच दोषामुळे. आता समजा मंगळवारी दाढ काढली आणि शुक्रवारी गर्भ गेला. घरातलं कोणी मान्य करेल का, की या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता? डॉक्टरवर ठपका येईल, गावभर बोभाटा होईल. म्हणून तो ‘नंतर बघू’ म्हणतो. या ‘नंतर बघू’त बाळाची काळजी थोडी आणि स्वतःच्या नावाची जास्त असते. मी त्याला दोष देत नाही, पण या भीतीवर उतारा कोणता हे विचारतो. उतारा हाच, की पती-पत्नी दोघांना, आणि जमलं तर सासूबाईंनाही, आधी समोर बसवून सगळं मोकळेपणाने सांगायचं. गर्भ का पडतो, भूल काय करते, आत्ता दाढ काढली नाही तर काय होईल. समुपदेशन हा जड शब्द ज्या कामासाठी वापरतात ते काम एवढंच आहे. ज्या घराला हे आधी कळलेलं असतं ते घर नंतर योगायोगाचं खापर डॉक्टरवर फोडायला सहसा धजत नाही.

आणि थांबण्यात धोका नाही, हे कोणी ठरवलं? डॉक्टरने परत पाठवलं म्हणून दाढेचा ठणका थांबत नाही. रात्री दोन वाजता तो वाढतो, आणि सकाळी नवरा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणतो. त्या बहुतेक वेळा आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा त्यांच्या मिश्रणाच्या असतात. याच गोळ्या २०व्या आठवड्यानंतर घेऊ नयेत, बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिला. सोबत कधी डॉक्सिसायक्लिनही दिलं जातं. ते टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं, आणि त्या घराण्याची औषधं पोटातल्या बाळाच्या बनणाऱ्या दातांत उतरून त्यांचा रंग कायमचा बिघडवू शकतात. ज्या बाळाला जपायचं म्हणून खुर्चीवरची सुरक्षित भूल टाळली, त्याच बाळापर्यंत ही औषधं कोणाच्याही सल्ल्याविना पोचतात. पॅरासिटामॉल चालतं, गरज पडली तर अमॉक्सिसिलिन चालतं, पण ही निवड जाणकाराने करायची असते, आणि आपण बाईला जाणकारापासूनच लांब ठेवलेलं असतं.

मशेरीचं तर स्वतंत्र सांगायला हवं. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत बायकांची सकाळ अशी सुरू होते. ‘हिरडी दुखते म्हणून लावते’ हे तिचं कारण खोटं नसतं, हिरडी थोडा वेळ बधिर होतेच. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांवर झालेला आणि २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला अभ्यास आपल्याच बायकांबद्दलचा आहे. त्यात बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मशेरीवाल्या होत्या. इतर सगळे फरक जमेस धरूनही त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. ‘मशेरी सोड’ असं नुसतं दटावून ती सुटत नाही. दुखणारी हिरडी बरी करून द्यावी लागते, आणि ती बाळंतपणानंतर बरी करून काय उपयोग? खाण्याचंही तसंच. आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ५२.२ टक्के होता. आपण तिला सांगतो, बाजरीची भाकरी खा, पालेभाज्या खा, शेंगदाणे-गूळ खा. दोन्हीकडच्या दाढा दुखत असलेली बाई भाकरी चावणार कशाने? ती चहात बिस्किट बुडवून खाते. जीभ पाहून रक्त कमी असल्याची नोंद करणाऱ्याला त्याचं एक कारण जिभेशेजारीच दिसलं असतं.

दुधाचे दात पडणारच आहेत, हे खरं. पण कधी? मागच्या दुधाच्या दाढा मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे मूल ज्या वयात वाढतं, बोलायला शिकतं, शाळेत जातं, ती सगळी वर्षं त्याच दाढांवर निघतात. त्या किडून वेळेआधी काढाव्या लागल्या तर खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा शेजारचे दात बळकावतात. शिवाय सहाव्या वर्षी कोणताही दात न पाडता मागून गुपचूप येणारी पहिली पक्की दाढ कितीतरी आईवडील दुधाचीच समजतात आणि किडू देतात. २००२-०३च्या राष्ट्रीय मुखआरोग्य सर्वेक्षणात आपल्याकडच्या पाच वर्षांच्या जवळजवळ ५२ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. पाच वर्षांच्या मुलाने स्वतः काय केलेलं असतं? बाटलीत साखरेचं दूध घालून त्याला कोणीतरी झोपवलेलं असतं, चोखणीला मध लावून कोणीतरी गप्प केलेलं असतं. (मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये, त्यातून होणारी विषबाधा जिवावर बेतू शकते.) या सवयी दात आल्यावर सुटत नाहीत, त्या पडायच्या आधीच अडवाव्या लागतात. दातांची सुरुवात तर त्याहून आधीची आहे. गर्भ सहा आठवड्यांचा असताना दातांचे अंकुर फुटतात, चौथ्या महिन्यात त्यांत कॅल्शियम बसू लागतं, आणि बाळ जन्मतं तेव्हा वीसही दात हिरडीखाली घडत असतात.

आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या आसपास बाळाचं उष्टावण करतात. मामा खिरीचं पहिलं बोट बाळाच्या ओठांना लावतो. बहुतेक वेळा त्याच सुमारास खालच्या हिरडीतून पहिल्या दाताचं पांढरं टोक वर येतं. दात किडवणाऱ्या जंतूंना बसायला कठीण पृष्ठभाग लागतो, तो त्या दिवसांत त्यांना मिळतो. आणि ते जंतू बाळाला मोठ्यांच्या, विशेषतः आईच्या, लाळेतून मिळतात: फुंकर घालून चाखलेल्या चमच्यातून, आजीने मऊ करून दिलेल्या घासातून. फिनलंडमध्ये तोंडात असे जंतू जास्त असलेल्या आयांना मूल तीन महिन्यांचं झाल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंत झायलिटॉलचं च्युइंगगम चघळायला दिलं. मुलांना काहीच दिलं नव्हतं. ती पाच वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या आयांच्या दातांना फ्लोराइडचा किंवा क्लोरहेक्सिडिनचा लेप दिला होता त्या मुलांपेक्षा, त्यांच्यात कीड सुमारे ७० टक्क्यांनी कमी निघाली. च्युइंगगम हा काही सगळीकडे लागू होणारा उपाय नव्हे, आणि साखर आवरल्याशिवाय कोणताच उपाय टिकत नाही. पण उपचार आईच्या तोंडात आणि फायदा मुलाच्या दातांत, एवढं त्यातून दिसलं. किडलेल्या दाढांचा जंतुसाठा तोंडात घेऊन उष्टावणाच्या पाटावर बसायचं, की तो आधी कमी करून, हा निर्णय गरोदरपणातच घ्यायचा असतो.

मग नवऱ्याचा काय संबंध, असं कोण म्हणू शकेल? चमचा तोही चाखतो. घरात बिस्किटांचे पुडे तोच आणतो. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, तरी ज्याच्या खिशात तंबाखूची पुडी आहे त्याच्या घरात मशेरीची डबी टाकून देणं बायकोला एकटीला कितपत जमेल? दवाखान्याचा खर्च कोण काढणार, तिला घेऊन कोण जाणार, ‘भूल चालते का’ या शेजारणीच्या प्रश्नाला तिच्या बाजूने कोण उत्तर देणार? आपल्या बहुसंख्य घरांत हे निर्णय तिच्या एकटीच्या हातात नसतात. ज्याच्या हातात असतात त्याला बाहेर बाकावर बसवून आत तिला सल्ला द्यायचा, म्हणजे तो सल्ला दारातच ठेवून यायला सांगण्यासारखं आहे. म्हणून मी गरोदर बाईचं समुपदेशन म्हणत नाही, होणाऱ्या आईबापांचं म्हणतो.

‘आमच्या आयांनी कुठे सल्ले घेतले होते’ याचं उत्तर थोडक्यात देता येतं. त्यांतल्या कित्येकींच्या तोंडात पन्नाशीत कवळी होती, आणि त्यांच्या मुलांच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटपुडा दिवसातून तीनदा येत नव्हता. प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांचा डॉक्टर नसतो, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. बहुतेक ठिकाणी नसतोच. पण सल्ल्याला दातांची खुर्ची लागत नाही. गरोदरपणात बाईने किमान चार वेळा तपासणीला यावं असं आपलं धोरण आहे. २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तिची डॉक्टरकडून तपासणी होते, आणि त्या दिवशी ती तासन्‌तास बाकावर बसून असते. तिच्या घरी आशाताई जाते, तिच्या गल्लीत अंगणवाडी असते. दुसरीकडे २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आपण अंगणवाडीतल्या मुलांचे दात तपासतो आणि कीड मोजतो. कीड लागल्यावर मोजायला पथक आहे, गाडी आहे, रकाना आहे. तीच कीड ज्या बाकावर अडवता आली असती, तिथे कोणी दोन शब्द बोलत नाही.

राहता राहिलं ‘नंतर’. ते कधी येतं? सव्वा महिना ती बाळंतीण असते, बहुधा माहेरी. मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी, रात्रीची जागरणं, अंगावरचं पाजणं. मग कामावर परतणं, किंवा शेतावर. दाढ ठणकत असते, गोळी घेतली की दबते, आणि बाळाला दोन तासांवर पाजायचं असताना दातांच्या दवाखान्यात तासभर कोण बसणार? तोवर बाळाला दात आलेले असतात. गरोदरपण हा बाईच्या आयुष्यातला असा काळ आहे, की ती स्वतःहून पुन्हा पुन्हा दवाखान्यात येते, घरचे तिला सोबत करतात, आणि बाळाच्या भल्याचं म्हणून सांगितलेलं नवरा-बायको दोघंही मनावर घेतात. हा काळ संपल्यावर तेच सांगायला आपण तिला शोधत फिरणार आहोत का?

म्हणून मागणं एवढंच आहे. येत्या ९ तारखेला ‘जीभ दाखवा’ म्हटल्यावर बाईने तोंड उघडलं, की टॉर्चचा झोत जरा दोन्ही बाजूंना फिरवा. दाढ दुखते का, हिरडीतून रक्त येतं का, उलटीनंतर काय करता, मशेरी लावता का, हे विचारा. उत्तरं केसपेपरवर लिहा. बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला आत बोलवा, त्याच्या खिशातली पुडी बाहेर काढायला सांगा, आणि ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टरच्या नावे चिठ्ठी लिहून ती दोघांच्या हातात द्या. चिठ्ठीवर याच महिन्यातली तारीख घाला.